डिस्कसच्या मोठ्या टाकीला फिल्टर कोणता घ्यायचा?

काम करता करता ऐकत असाल तर हात चालू ठेवा, पण कान इकडे द्या. आज आपण शोभेच्या माशांबद्दल बोलणार आहोत. त्यातही डिस्कस नावाचा मासा आणि त्याच्या मोठ्या टाकीला लागणारा फिल्टर, एवढाच विषय घेणार आहोत. विषय लहान वाटेल. पण याच एका वस्तूपायी आमच्या गटाचे पैसे बुडाले, बायकांमध्ये भांडण झालं आणि धंदा बंद करायची वेळ आली होती. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सांगतो आहोत.

आमचा गट सिंधुदुर्गातला. दोन वर्षं आम्ही सिमेंटच्या हौदात गप्पी, मोली आणि गोल्डफिश वाढवून विकत होतो. हाताला चार पैसे लागले, तशी पुढची उडी घ्यावीशी वाटली. डिस्कसला भाव चांगला मिळतो असं ऐकलं होतं. गटाच्या बचतीतून अंतर्गत कर्ज काढलं. सहा फुटी काचेची टाकी केली. प्रत्येकी ३०० रुपयांची १२ पिल्लं आणली. फिल्टर घ्यायला शहरात गेलो तर दुकानदार म्हणाला, "ताई, मोठ्या टाकीला हाच लागतो." त्याने कॅनिस्टर फिल्टर दाखवला. साडेनऊ हजार रुपये मोजून आम्ही तो घेतला. आमच्याकडे लाइट किती तास जाते, हे त्याने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

तीन महिने सगळं छान चाललं. पिल्लं चार इंचांची झाली. विकायला महिनाभर उरला होता. वैशाखात एका रात्री वळवाचा पाऊस आला आणि नऊ वाजता लाइट गेली, ती पहाटे पाचला आली. फिल्टर आपोआप सुरू झाला. ज्या ताईची पाळी होती ती सकाळी सातला टाकीपाशी गेली, तर पाण्याला कुजका वास येत होता. मासे काळे पडून वर तोंड काढून श्वास घेत होते. दोन दिवसांत १२ पैकी ७ गेले.

त्या आठवड्याच्या बैठकीत काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पाळीवाल्या ताईला बोल लागले. "रात्री उठून बघायचं नव्हतंस?" असं तिला विचारलं गेलं. ती रडली. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकी तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "तिका कित्याक बोलतास? बंद भांड्यात पाणी ऱ्हवला तर कुसतलाच मां." आम्ही गप्प झालो. दुसऱ्या दिवसापासून नीट समजून घ्यायला लागलो. तेव्हा कळलं, काकींचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

आधी मासा ओळखूया

डिस्कस मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. भाकरीसारखा गोल आणि चपटा. पूर्ण वाढला की सहा-सात इंचांचा होतो. तिथल्या संथ, कोमट पाण्यात तो कळपाने राहतो. ते पाणी मृदू असतं, म्हणजे त्यात क्षार फार कमी असतात, आणि थोडं आम्लही असतं. या माशाची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन पहिले दिवस काढतात. म्हणजे माशांमध्येही अंगावर पाजणारा हा एक प्रकार म्हणा ना.

त्यावरून टाकीत काय हवं ते कळतं. पाणी २८ ते ३० अंश तापमानाचं हवं. प्रवाह संथ हवा, कारण चपटा मासा जोराच्या धारेत दमतो. पाच-सहापेक्षा कमी मासे एकत्र ठेवू नयेत, नाहीतर दांडगा मासा दुबळ्याला खाऊ देत नाही. एका मोठ्या माशाला साधारण ४० लिटर पाणी धरावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी स्वच्छ हवं. गप्पी जे सोसते ते डिस्कस सोसत नाही.

इथे एक अडचण लक्षात घ्या. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. डिस्कसला तर गरमच पाणी लागतं. शिवाय तो दिवसातून चार-पाच वेळा भरपूर प्रथिनं असलेलं खाणं खातो, त्यामुळे घाणही जास्त होते. गरम पाणी, जास्त घाण आणि कमी प्राणवायू या तिन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणून याच्या फिल्टरचा विचार वेगळा करावा लागतो.

फिल्टर म्हणजे नुसती गाळणी नव्हे

आपल्याला वाटतं, फिल्टर म्हणजे चहाची गाळणी. कचरा अडकला की काम झालं. तसं नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतानाही मासे मरू शकतात.

मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं कुजलं तरी अमोनिया होतो. हे विष डोळ्यांना दिसत नाही. निसर्गात काही चांगले जिवाणू असतात. त्यांच्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच कमी त्रासाचं असतं आणि पाणी बदललं की बाहेर जातं.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते कशाला तरी चिकटून राहतात. स्पंजच्या भोकांत, खरबरीत दगडावर, प्लास्टिकच्या जाळीत राहतात. त्यांना बसायला जितकी जागा जास्त, तितके ते जास्त. आणि आपल्यासारखाच त्यांनाही प्राणवायू लागतो. म्हणून फिल्टर म्हणजे या जिवाणूंचं घर समजा. दह्याचं विरजण आपण जसं जपतो, तसं ते जपायचं.

आता त्या रात्री काय झालं ते बघा. कॅनिस्टर फिल्टर म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. पाणी फिरत असतं तोवर आत प्राणवायू येत राहतो. लाइट गेली की पाणी थांबतं. आतल्या जिवाणूंनी थोड्या वेळात डब्यातला प्राणवायू संपवला. मग ते मरायला लागले आणि अडकलेली घाण बंद डब्यात कुजली. आठ तासांनी मोटर सुरू झाली आणि ते कुजलेलं पाणी सरळ टाकीत आलं. टाकीतलं गरम पाणीही रात्रभर हवेवाचून होतं. मासे दोन्हीकडून सापडले.

चूक पाळीवाल्या ताईची नव्हती. कॅनिस्टरही वाईट नाही. शहरात, इन्व्हर्टर असलेल्या घरात तो आवाज न करता उत्तम काम करतो. चूक आमच्या निवडीची होती. दुसऱ्याच्या घराला शोभणारी वस्तू आम्ही आपल्या गावात आणली.

फिल्टरचे प्रकार

स्पंज फिल्टर सगळ्यात साधा. नळीवर स्पंज बसवलेला असतो. एअर पंपाने हवा सोडली की बुडबुडे वर जातात आणि पाणी स्पंजातून ओढलं जातं. स्वस्त असतो, पाण्यात हवाही सोडतो, पिल्लू ओढलं जात नाही, प्रवाह संथ राहतो. मोटर एकच, ती टाकीच्या बाहेर. बॅटरीवरही चालतो. डिस्कसची पिल्लं वाढवणारे बरेच लोक हाच वापरतात. उणीव एवढीच की मोठ्या टाकीत एक पुरत नाही, तीन-चार लागतात, आणि तळाची घाण हाताने ओढून काढावी लागते.

काचेवर अडकवायचा फिल्टर दोन-तीन फुटी टाकीला ठीक. सहा फुटी टाकीला तो अपुरा पडतो.

तळात जाळी घालून वर खडी पसरायचा एक प्रकार आहे. डिस्कसला तो नको. उरलेलं खाणं खडीत शिरतं आणि तिथेच कुजतं. वाढवायच्या टाकीचा तळ मोकळाच बरा.

कॅनिस्टरबद्दल सांगून झालं. ज्यांनी तो आधीच घेतला आहे त्यांनी एक लक्षात ठेवा. लाइट दोन-तीन तासांहून जास्त गेली असेल तर लाइट आल्याबरोबर तो सुरू होऊ देऊ नका. बटण बंद ठेवा. डबा उघडा, आतलं पाणी फेकून द्या, आतले स्पंज आणि रिंगा टाकीतल्याच पाण्यात हलक्या हाताने विसळा, मग चालू करा.

शेवटचा प्रकार सम्प. मोठ्या टाकीच्या खाली दुसरी लहान टाकी ठेवायची. वरचं पाणी पाइपाने खाली उतरतं, स्पंजातून आणि जिवाणूंच्या थरातून जातं, आणि शेवटच्या कप्प्यातली मोटर ते परत वर चढवते. वरून खाली पडताना पाण्याला भरपूर हवा मिळते. सम्प उघडा असल्यामुळे लाइट गेली तरी तो बंद डब्यासारखा लगेच कुजत नाही. हीटरही त्यातच ठेवता येतो, म्हणजे वरच्या टाकीत माशाला चटका बसायची भीती नाही. साफसफाई माशांना न हलवता होते. जागा लागते आणि जोडकाम नीट करावं लागतं, हा त्याचा त्रास.

आम्ही शेवटी दोन्ही मिळून केलं. सम्प मुख्य, आणि वरच्या टाकीत दोन मोठे स्पंज फिल्टर, बॅटरीवाल्या एअर पंपावर. लाइट गेली की हा पंप आपोआप बॅटरीवर जातो. रोजची कामं सम्प करतो आणि संकटाच्या रात्री स्पंज वाचवतात.

हिशेब असा करायचा

दुकानात जाण्याआधी घरी वही-पेन घेऊन बसा. हिशेब सोपा आहे.

आमची टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. सहा गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे २४ घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी मावतं. पण आपण काठोकाठ भरत नाही. वर चार इंच मोकळे सोडले तर २० घनफूट पाणी, म्हणजे सुमारे ५६० लिटर. ४० लिटरला एक मासा धरला तर १४ मासे. आम्ही १२ च ठेवतो. वजनाचाही विचार करा. नुसतं पाणीच अर्ध्या टनाहून जास्त, वर काच. स्टँड मजबूत हवा आणि जमीन सपाट हवी.

आता पंप. डिस्कसच्या टाकीचं सगळं पाणी तासाला साधारण चार वेळा फिल्टरमधून फिरावं. ५६० गुणिले चार म्हणजे सुमारे २,२५० लिटर. मग २,२५० लिटरचा पंप घ्यायचा का? नाही. इथेच फसगत होते. खोक्यावर लिहिलेला आकडा पाणी वर न चढवता मिळणारा असतो. विहिरीची मोटर जशी खोल गेल्यावर कमी पाणी देते, तसंच हे. सम्पमधून वरच्या टाकीपर्यंत चार-साडेचार फूट चढ असतो. खोक्यावर जास्तीत जास्त उंचीही लिहिलेली असते, ती वाचा. त्या उंचीवर पंप शून्य पाणी देतो. आपली उंची त्याच्या निम्म्याच्या आत हवी. आम्ही तीन मीटर चढाचा, ४,००० लिटरचा पंप घेतला. खरंच किती पाणी येतं ते बादली आणि मोबाइलवरचं घड्याळ घेऊन मोजलं. तुम्हीही मोजा. दहा लिटरची बादली १६ सेकंदांत भरली तर तासाला २,२५० लिटर झाले.

विजेचा हिशेब विसरू नका, कारण फिल्टर दिवसरात्र चालतो. ६० वॅटचा पंप २४ तास चालला तर दिवसाला जवळपास दीड युनिट, महिन्याला ४३ युनिट. २० वॅटचा एअर पंप महिन्याला साडेचौदा युनिट. दुकानदाराला किंमत विचारताना वॅटही विचारा. स्वस्त पंप वर्षभरात बिलातून महाग पडू शकतो.

सम्प घरच्या घरी

आमच्याकडे तीन फुटी जुनी टाकी होती. तिचाच सम्प केला. काचेच्या पट्ट्या सिलिकॉनने चिकटवून तीन कप्पे पाडले. पहिल्या कप्प्यात जाड स्पंज. तो मोठी घाण अडवतो. दुसऱ्यात जिवाणूंचं घर. दुकानात त्यासाठी सिरॅमिकच्या रिंगा मिळतात आणि त्या चांगल्या असतात, पण महाग असतात. आम्ही भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या भरल्या. तारेच्या नव्हे हं, प्लास्टिकच्याच. आणि साबण लागलेल्या नव्हे, नव्या. त्यांच्या गुंत्यात जिवाणूंना भरपूर जागा मिळते. तिसऱ्या कप्प्यात पंप आणि हीटर.

किनाऱ्यावरच्या बायकांना वाटेल, समुद्रावरचे शिंपले भरले तर फुकटात काम होईल. डिस्कससाठी ते करू नका. शिंपल्यांतला चुना पाण्यात उतरतो आणि पाणी जड होतं.

लाइट गेल्यावर वरचं पाणी थोडं खाली येतंच. किती येईल त्याचा हिशेब आधी करा. आमच्या टाकीचा पृष्ठभाग १२ चौरस फूट. पाणी एक इंच उतरलं तर एक घनफूट, म्हणजे २८ लिटर, जवळपास दोन हंडे. एवढं पाणी मावेल इतकी जागा सम्पमध्ये रिकामी हवी, नाहीतर रात्रीत घरभर पाणी. वर जाणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्यात खोल बुडवू नका, नाहीतर त्यातूनही पाणी उलटं ओढलं जातं. जोडणी झाल्यावर मासे सोडण्याआधी मुद्दाम पाच-सहा वेळा बटण बंद-चालू करून बघा. टाकीला भोक पाडायचं असेल तर काच टफन केलेली नाही याची काच दुकानातून खात्री करा. टफन काचेला भोक पाडलं की तिचा चुरा होतो.

विजेची काळजी वेगळी सांगते. पाण्यात हात घालण्याआधी पंप आणि हीटर दोन्हींची बटणं बंद करा. वायर प्लगपर्यंत सरळ नेऊ नका. आधी खाली झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोलावरून खाली पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. वायरमनकडून गळती ओळखणारा ट्रिप स्विच बसवून घ्या. मासा परत आणता येतो, बाई परत येत नाही.

आमचा खर्च सांगतो. पंप २,२००, पाइप आणि जोड ७००, दोन स्पंज फिल्टर ६००, घासण्या ४००, बॅटरीवाला एअर पंप १,५००. एकूण ५,४०० रुपये. बंद पडलेल्या भांडणाची किंमत यात धरलेली नाही.

सुरू करताना घाई नको

नवा फिल्टर लावला आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडले, ही चूक सगळे करतात. जिवाणूंची वस्ती तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यासाठीही विरजण आहे. गप्पीच्या निरोगी हौदातला जुना स्पंज आणून नव्या सम्पमध्ये पिळा किंवा तसाच ठेवा. वस्ती लवकर बसते. ज्या हौदात रोग आला होता त्याचा मात्र घेऊ नका. चिमूटभर माशांचं खाणं रोज टाका, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळेल. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंबांचे किट मिळतात. दोन्ही शून्य दाखवू लागले की मगच डिस्कस आणा. एकदम १२ आणले तर पहिला आठवडा खाणं कमी द्या आणि रोज तपासा.

आमच्या पहिल्या फेरीत किटच नव्हतं. साडेनऊ हजारांचा फिल्टर घेतला आणि किटचे पैसे वाचवले.

दुसरी गोष्ट पाण्याची. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. ती आपल्या आरोग्यासाठी चांगली, पण त्यातलं क्लोरीन या जिवाणूंनाही मारतं आणि माशाचे कल्लेही जाळतं. नळाचं पाणी पिंपात भरून हवा सोडत २४ तास ठेवा, मग वापरा. घाई असेल तर हायपोचे खडे मिळतात, पाकिटावरच्या मापाने टाका. विहिरीत टीसीएल टाकलेल्या आठवड्यात जास्त सांभाळा.

आमच्या जांभ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी बहुधा मृदू असतं. डिस्कसला ते मानवतं. म्हणूनच कोकणात हा मासा करून बघण्यासारखा आहे. पण त्यातही एक मेख आहे. जिवाणू काम करतात तसं पाणी हळूहळू आम्ल होत जातं. क्षार कमी असलेल्या पाण्यात हे लवकर होतं. सामू ६ च्या खाली गेला की जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठू लागतो. आम्ल पाण्यात त्या अमोनियाचा त्रास कमी जाणवतो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. मग एके दिवशी खूपसं नवं पाणी घातलं की सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. लोक म्हणतात, पाणी बदललं म्हणून मासे मेले. खरं म्हणजे आधी बदललं नव्हतं म्हणून मेले. थोडं थोडं, पण नेमाने बदला. सामूचा कागद दर आठवड्याला बुडवून वहीत लिहा.

जपणूक

फिल्टर कितीही चांगला असला तरी नायट्रेट पाण्यातच राहतं. पाणी बदलणं चुकत नाही. मोठ्या माशांना आठवड्यातून एक तृतीयांश ते निम्मं, वाढत्या पिल्लांना एक दिवसाआड थोडं. नवं पाणी टाकीइतकंच कोमट हवं. काढलेलं पाणी केळी आणि माडाच्या मुळाशी घाला. त्यात झाडांना लागणारं नत्र असतं. औषध किंवा मीठ घातलेलं पाणी मात्र झाडांना घालू नका. आणि टाकीतले मासे ओढ्यात किंवा नदीत कधीच सोडू नका.

स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली नव्हे. दोन स्पंज एका दिवशी धुवायचे नाहीत. एक या आठवड्यात, दुसरा पुढच्या. घासण्यांचा कप्पा शक्यतो हलवू नका. चकचकीत करायची आपल्या हातांना सवय असते, पण इथे थोडं मळकंच बरं.

मासा काळा पडला, पंख मिटून कोपऱ्यात उभा राहिला, खाईनासा झाला, वर येऊन श्वास घेऊ लागला, तर औषध शोधायच्या आधी पाणी तपासा आणि निम्मं बदला. रात्री लाइट गेली तर खाणं बंद करा. बॅटरी संपली तर तांब्याने पाणी घेऊन थोड्या उंचीवरून परत टाकीत ओता. दहा मिनिटं ओता, थांबा, पुन्हा ओता. कंटाळवाणं आहे, पण मासा जगतो.

मदत कुठे मिळते

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. शोभेच्या माशांच्या घरगुती प्रकल्पालाही तीत मदत ठेवली होती आणि महिलांसाठी प्रकल्प किमतीच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान ठरवलं होतं. चालू नियम जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. खाडीकाठच्या गावांतल्या गटांनी कांदळवन कक्षाकडेही चौकशी करावी. प्रशिक्षणासाठी कुडाळ तालुक्यातल्या मुळदे इथे कोकण कृषी विद्यापीठाचा शोभिवंत माशांचा प्रकल्प आहे. अनुदान मिळतंय म्हणून महाग फिल्टर घेऊ नका. उरलेले पैसे आपल्याच बचतीतून जातात.

जाता जाता तुमच्या पुढच्या बैठकीसाठी पाच प्रश्न देतो. वहीत लिहून घ्या. आपल्याकडे लाइट सलग किती तास जाते? टाकीत नेमकं किती लिटर पाणी? पंपाला किती फूट चढ? महिन्याला किती युनिट? आणि लाइट गेल्यावर हवा कशावर चालणार? ही पाच उत्तरं हातात असली की दुकानदार "हाच घ्या" म्हणाला तरी तुम्हाला "थांबा, आधी आमचं ऐका" म्हणता येईल.

आमचे पाच मासे वाचले होते. सम्प तयार झाल्यावर त्यांच्या सोबतीला नवी सात पिल्लं आणली. पुढच्या पावसाळ्यात एकदा सलग ११ तास लाइट नव्हती. एकही मासा गेला नाही. त्या रात्री पाळी त्याच ताईची होती. वहीत तिने लिहिलंय : "लाइट गेली ८.२०. पंप बॅटरीवर. मासे बरे. मी झोपले." ते पान आम्ही बैठकीत मोठ्याने वाचलं. आणि गेल्या वर्षी जे बोललो होतो, त्याची सगळ्यांनी तिच्यापाशी माफी मागितली.